बिनकुंकवाचा चेक

आदिलाबादला कापूस खरेदीच्या एका संस्थेत मी नोकरीला लागले तेव्हा मला टपालाचं टेबल मिळालं. दिवसभर पाकिटांना तिकिटं चिकटवायची. जिभेवर डिंकाची चव इतकी मुरली होती की घरी वरण जेवले तरी पाकीट खाल्ल्यासारखं वाटायचं. त्यामुळे नव्वदीच्या मधल्या वर्षांत एका उन्हाळ्यात हैदराबादहून लाकडी पेटी आली आणि तिच्यातून कॉम्प्युटर आणि चेक छापायचा प्रिंटर निघाला, तेव्हा सगळा स्टाफ मागे सरकला आणि मी पुढे गेले. टायपिंग येत होतं एवढीच माझी पात्रता. बाकीची मी चेहऱ्यावर आणली.

झालं असं होतं, की आदल्या हंगामात आमच्या एका हाती लिहिलेल्या चेकवर कुणीतरी आकड्याच्या शेपटीला एक शून्य जोडलं होतं. बँकेनं ते वेळेत पकडलं, पण मुख्य कचेरीची झोप उडाली. यापुढे चेक छापूनच द्यायचे, असा हुकूम आला.

आमचे मॅनेजरसाहेब तेलुगू. माझ्याशी ते आपल्या दक्खनी हिंदीत बोलायचे. मला समोर उभं करून म्हणाले, "देखो अम्मा, मुहूर्त के दिन मशीन चली तो वो खोली तुम्हारी. नहीं चली तो मशीन वापस पेटी में, और तुम वापस टपाल में."

मुहूर्त म्हणजे खरेदीचा पहिला दिवस. दसरा झाला की यार्डात पहिली बैलगाडी वाजतगाजत यायची, नारळ फुटायचा, गाडीवाल्याला शेला-टोपी आणि सगळ्यांसमोर पहिला चेक. त्या चेकपर्यंत मला मुदत होती. टपालात परत जायचं नाही, एवढं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

मशीनसाठी दिलेली खोली आधी पाण्याच्या माठांची होती. माठ बाहेर काढले, खिडकीला जाळी ठोकली, दाराला दोन कुलपं लावली. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची हेडबाबूंकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियमच होता. आणि इथेच खरी गंमत होती, कारण या मशीनचा जिल्ह्यात कुणाला राग असेल तर तो हेडबाबूंना.

हेडबाबू आमच्याच जिल्ह्यातल्या मुधोळकडचे, मराठी. इतकी वर्षं संस्थेचे सगळे चेक त्यांनी लिहिलेले. अक्षर असं की लोक चेक बँकेत टाकायच्या आधी घरच्यांना दाखवायला न्यायचे. दर वर्षी पहिल्या चेकच्या कोपऱ्याला हळदकुंकूही तेच लावायचे, लग्नपत्रिकेला लावतात तसं, करंगळीनं, अगदी नाजूक. आता त्यांच्या हातात उरली होती एक किल्ली. मग ती किल्ली ते काटकसरीनं वापरू लागले. मी खोलीकडे निघाले की त्यांना चहाची तल्लफ यायची.

पहिल्यांदा मी वाट पाहिली. नंतर सरळ कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले. आत सगळे पुरुष, अडते, गाडीवाले. मी दारात उभी राहून, नाटकातल्या दूतासारख्या आवाजात म्हणाले, "बाबूजी, तुमची किल्ली इकडं फिरायला आली म्हणे. मी तिला न्यायला आले."

सगळं हॉटेल हसलं. हेडबाबूंनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली. "बाई, एवढी घाई काऊन करून राह्यल्या? मशीन काय पळून जाते?"

"मशीन नाही पळत. तुमी पळून राह्यले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी दिसताच हॉटेलवालाच ओरडला, "बाबूजी, आली तुमची वरात." त्यानंतर ते चहा ऑफिसातच मागवू लागले.

हैदराबादचा इंजिनियर एका दुपारी येऊन, तारा जोडून, इंग्रजी पुस्तक हातात देऊन रेल्वेनं परत गेला. पुढचं सगळं मी आणि ते पुस्तक. चेकचा कागद बँकेकडून यायचा, एकाला एक जोडलेला, घड्या घातलेला लांबच लांब पट्टा. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असायच्या. ती भोकं प्रिंटरच्या दात्यांत बसवायची, म्हणजे कागद सरकायचा. छापून झालं की दोन्ही पट्ट्या फाडून टाकायच्या.

सांगायला सोपं आहे. माझा पहिला आकडा आपली चौकट सोडून सहीच्या जागेवर जाऊन बसला. चेक वाया घालवायची सोय नव्हती, प्रत्येकाचा हिशेब द्यावा लागे. म्हणून मी साध्या कागदावर छापायची, तो कागद चेकवर ठेवायची आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरून बघायची, आकडा चौकटीत पडतो का. नाही पडला की पुन्हा पुस्तक, पुन्हा कागद. शेजारीच कापसातली सरकी काढायची जिनिंग गिरणी. कापसाचे तंतू जाळीतून यायचे आणि प्रिंटरच्या पोटात जाऊन बसायचे. मधेच तो अडखळायचा, घशात काही अडकलेल्या माणसासारखा. मी जुन्या साडीचा गलेफ शिवला, खिडकीला आतून मलमल ठोकली आणि रोज सकाळी रंगाऱ्याच्या ब्रशनं त्याचे दात घासू लागले. हेडबाबू दारात उभे राहून म्हणायचे, "आंघोळ झाली काय पोराची? तीट लावा आता."

एक दिवस आकडा चौकटीत बसला. त्याच्या अलीकडे-पलीकडे चांदण्या छापून आल्या, म्हणजे मोकळी जागाच उरली नाही. हेडबाबूंनी कागद उलटसुलट केला. "हे फुलं कायले?"

"चोराले बसायला जागा नको म्हणून."

त्यांनी तो कागद पुन्हा एकदा उजेडात धरला आणि जपून खाली ठेवला. मला तेवढं पुरे होतं.

चेकचा कागद आणायला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांनी बजावलं होतं. हा कागद साधा नाही. त्याच्यावरची फिकट निळी नक्षी मुद्दाम कच्च्या रंगाची आहे. कुणी आकडा धुवायला गेला, नुसता ओला हात जरी लागला, तरी रंग फुटतो आणि डाग पडतो. "असा डागाळलेला चेक आमच्याकडे आला तर तो परत जाईल बाई, मग तो कुणाचा का असेना." मी मान डोलावली. पाण्याचा तांब्याही खोलीबाहेर ठेवला.

मुहूर्ताच्या दिवशी पहिली गाडी आली, बेगड लावलेल्या शिंगांचे बैल, गाडीवर एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको. सीमेवरच्या गावची मराठी माणसं. कापूस मोजला गेला, नारळ फुटला. साहेब म्हणाले, मशीनची पण पूजा करा. गुरुजी आत आले. मी प्रिंटरसमोर हात जोडून, डोळे मिटून उभी राहिले. ते डोळे मिटणं मला महागात पडलं. गुरुजींनी प्रिंटरला हळदकुंकू लावलं, आणि तीच ओली बोटं कागदाच्या गठ्ठ्यावर, अगदी वरच्या चेकच्या मधोमध दाबली. वरून फुलानं पाणीही शिंपडलं. चोराचा बंदोबस्त मी केला होता, गुरुजींचा राहिला होता.

डोळे उघडले तर निळ्या नक्षीतून लाल-पिवळं तळं पसरत होतं. ओल खालच्या दोन-तीन चेकांपर्यंत उतरली होती. दारात साहेब, त्यांच्यामागे संचालक, अडते, म्हातारा-म्हातारी. हेडबाबूंनी खिशाचं पेन काढून टोपण उघडलं होतं.

"लिहू काय साहेब? जुनं चेकबुक आहे माझ्या टेबलात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडात डिंकाची चव आली.

"नको," मी म्हणाले. "मशीन नीट आहे. कागद भिजला."

ओले चेक फाडून वेगळे केले, त्यांच्यावर रद्दचा शिक्का मारला, कोरड्या चेकची भोकं दात्यांत बसवली, फिरकी फिरवून ओळ जुळवली. बटण दाबलं. प्रिंटर एकदा गुरगुरला आणि सगळ्यांसमोर चेक बाहेर आला. नाव, आकडा, चांदण्या, सगळं जिथल्या तिथे. साहेबांनी सही केली. मी तो म्हाताऱ्यापुढे धरला आणि मनातल्या मनात टाळ्या घेतल्या.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. म्हातारीनं तो मागे ओढला.

"हा नोको. तो कुंकवाचा द्या."

"मावशी, तो ओला झाला. तो बँकेत चालत नाही."

"अन् हा घरात चालत नाही. वर्साची लक्ष्मी येऊन राह्यली, अन् तिला बिनकुंकवाची पाठवता? सवाष्ण बाई हाव मी."

"अवो, घे ना," म्हातारा पुटपुटला. "लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. मी काय चोरी करून राह्यली?"

मागच्या गाडीवाल्यांत कुजबुज सुरू झाली. तिचं बरोबर आहे, म्हणाले. पहिला चेक कोरा गेला तर आमचेही कोरेच. दर वर्षी बाबूजी कुंकू लावत होते. एकानं तर बैल जुंपायला घेतले. साहेबांचा चेहरा उतरला. तेलुगूत काहीतरी बोलले, ते मला कळू नये अशी त्यांची इच्छा असावी. मला कळलं. मशीन पेटीत घाला, असंच ते होतं.

मी चेक हातात घेऊन उभी होते. कुंकू लावलं तर बँक घेणार नाही, नाही लावलं तर म्हातारी घेणार नाही. आणि गडबडीत मी कडेच्या पट्ट्या फाडायलाच विसरले होते. भोकांची ती पांढरी पट्टी अंगठ्याखाली लागत होती. त्या पट्टीवर नक्षी नव्हती, शाई नव्हती, बँकेला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"बाबूजी," मी म्हणाले, "जरा इकडं या. कुंकू कोरडं घ्या. अन् ते इथं लावा, काठाला. आत बोट जाऊ देऊ नका."

हेडबाबूंनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही. पेनचं टोपण त्यांनी बंद केलं नाही. आधी पट्टीवर, भोकांच्या मधल्या एवढ्याशा जागेत, आपल्या त्या अक्षरात 'श्री' काढली. मग करंगळीनं हळद, करंगळीनं कुंकू. तसूभरही इकडेतिकडे नाही. ते काम सबंध तालुक्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, आणि हे त्यांना माहीत होतं.

मी चेक पुढे धरला. म्हातारीनं निरखून पाहिला, डोळ्यांना लावला. मग मी तिला म्हणाले, "मावशी, ही कड आता तुमीच फाडा. चेक बँकेत जाईल, लक्ष्मी तुमच्या देव्हाऱ्यात."

तिनं घाबरत घाबरत पट्टी ओढली. भोकाभोकानं ती टरटरत सुटली. चेक म्हाताऱ्याच्या हाती गेला, स्वच्छ, आणि पट्टी तिनं पदराच्या टोकाला बांधली. "हे बेस झालं," ती म्हणाली. "बँकवाल्याचं तोंड बी बंद, अन् माह्य बी."

पुढच्या गाडीवाल्यालाही पट्टी हवी होती. त्याच्या पुढच्यालाही. काहींनी दोन्ही कडा मागितल्या, पण घरात देव्हारा एकच म्हणून एकीवर निभावलं. बैल जुंपायला निघालेला माणूस आपली पट्टी बैलाच्या शिंगाला गुंडाळून गेला. बँकेत त्या दिवशी सगळे चेक वटले. साहेबांनी दुपारी खोलीत डोकावून फक्त विचारलं, "अम्मा, ये माठ किधर रखने का अब?" म्हणजे माठ खोलीत परत येणार नव्हते.

पाकिटं चिकटवायला नवा माणूस आला. मी त्या खोलीत संस्था बंद होईपर्यंत राहिले. पुढच्या वर्षी मुहूर्ताच्या सकाळी मी किल्ली काढत आले, तर हेडबाबू माझ्या आधी दारात. त्यांचं कुलूप उघडून झालेलं, एका हातात कुंकवाची कोयरी, दुसऱ्या हातात पेन.

"इतका वेळ काऊन, बाई?" ते म्हणाले. "मी काय हॉटेलात येऊ तुमाले आणाले?"