बेडकाचा दुसरा भाग

दुसरा भाग पहिल्यासारखा जमलाय का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, पहिला तुम्ही कुणाच्या घरी पाहिला? लोकांना वाटतं, बाई तिरसट आहे. आहेच मी तिरसट. पण ह्या प्रश्नाला माझ्याकडं दुसरं उत्तर न्हाई.

मी पाहिला मामांच्या घरी, अंबड तालुक्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत. कार्टून पिच्चर होता. एक जाडा बेडूक, त्याला कराटे शिकायचेत, आणि एक म्हातारा बगळा त्याचा गुरुजी. मामांनी अंबडहून भाड्यानं सीडी आणली, लावली, अन् बेडूक फाडफाड इंग्रजी बोलायला लागला. दुकानदारानं चुकून इंग्रजीतली दिल्ती. आम्ही सगळी भाचरं रडकुंडीला आलो. मामा टीव्हीशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "गप बसा रे, मला येतं इंग्रजी."

त्यांना इंग्रजी बिलकुल येत नव्हतं. पण तोंडावरची रेषसुद्धा न हलवता त्यांनी सगळा पिच्चर आमच्या भाषेत सांगितला. बेडूक म्हणायचा, "गुरुजी, भाकर खाल्ल्याबिगर मी कुणाला मारत नसतो." बगळा म्हणायचा, "आधी कपाशी खुरपून ये टोणग्या, मंग कराटे." आणि ती दुष्ट मगर! ती तर लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखी बोलायची. गावाच्या जेवणावळीत तिचा मानपान झाला नव्हता, तिला टोपी-टॉवेलचा आहेर केला नव्हता, म्हणून ती चिडली होती. हसून हसून आमची पोटं दुखली.

आम्हाला ते सगळं खरं वाटलं. मी तर पार कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींशी भांडले की मगरीचं भांडण आहेरावरनं होतं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

आता मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी करते, राहते बदनापूरला. मधल्या काळात मामांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आजार गेला, त्याच्यासंगं आवाजही गेला. गळ्याला भोक राहिलं. चौकातल्या चहाच्या टपरीवर ज्यांच्याभोवती घोळका जमायचा, ते मामा घरात कुणी आलं की उठून मागच्या खोलीत जायला लागले. लग्नाला न्हाई, बारशाला न्हाई. मामींचा फोन आला की एकच रडगाणं, "दवाखान्यातून घरी आणले बाई, पण माणसांत काही आणता येईनात."

तेवढ्यात बेडकाचा दुसरा भाग जालन्याला लागला. मी ठरवलं, मामांना घेऊन जायचंच. येतात की न्हाई म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. पण आले. बेडकासाठी आले. उन्हाळ्यात शर्टाची वरची गुंडी लावून, त्यावर रुमाल गुंडाळून आले.

दुपारचा खेळ, थेटरात तुरळक माणसं. खोटं कशाला बोलू, पिच्चर दिसायला भारी होता. पाणी असं की अंगावर उडेल, मारामाऱ्या पहिल्यापेक्षा सरस. पण बेडूक हिंदीत चटपटीत बोलून राह्यला होता, बगळा भाषणं देत होता, अन् मगरीची पोरं आली ती राज्य मागायला. राज्य! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "राज्य कशाचं? अन् आहेराचं काय झालं?" मी मोठ्यानं बोलले. पुढचा माणूस मागं वळून पाहायला लागला.

मध्यंतरात मी म्हटलं, "मामा, वाट लावली हो ह्यांनी. पहिला कुठं अन् हा कुठं!"

मामांनी माझ्याकडं पाहिलं तर डोळे भरलेले. त्यांनी गळ्याकडं बोट केलं आणि हात झटकला. संपलं सगळं, असं म्हणत होते. मला फार वाईट वाटलं. कुठून ह्यांना इथं आणलं, असं झालं. आणि वाईट वाटलं की मला रागच येतो.

"काय संपलं? काही संपलेलं न्हाई. मला येतं इंग्रजी," मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

पिच्चर पुन्हा सुरू झाला तशी मी मामांच्या कानाशी लागले. मगरीचं पोरगं तोंड उघडायला लागलं की मी म्हणायचे, "आमच्या आईला साधा टॉवेल न्हाई दिला तुम्ही!" मला काही ते मामांसारखं जमेना. मामांनी कपाळावर हात मारला. मंग बेडकाकडं बोट करून घास खाल्ल्यासारखा हात तोंडाशी नेला. मी म्हटलं, "थांबा सोयरे, आधी जेवून घेऊ." मामांनी मान डोलावली, बराबर. मंग ते भुवया उडवायला लागले, हातवारे करायला लागले, मी चुकले की गुडघ्यावर चापट मारायला लागले. ते सांगत होते अन् मी बोलत होते. बोलता बोलता माझा आवाज कधी चढला, मला कळलंच न्हाई.

"ताई, पिच्चर पाहू द्या की जरा!" पुढचा माणूस वैतागून म्हणाला. त्याच्या शेजारी त्याच्या दोन पोरी होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हे निघणार, अन् पुन्हा कधी घराबाहेर पडणार न्हाईत.

मामा बाहेर गेले न्हाईत. पुढं वाकून त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. गळ्यावरचा रुमाल सोडला, वरची गुंडी काढली आणि पडद्याच्या उजेडात त्याला ते भोक दाखवलं. मंग तेच बोट त्यांनी माझ्या तोंडाकडं केलं.

तो माणूस पोरींना उठवून मागं आमच्या शेजारी बसवत म्हणाला, "काका काय म्हणून राह्यले, ते मोठ्यानं सांगा ताई."