अंगठ्यापाशी दोन बटणं

वसमतला स्टँडच्या मागं आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर अन् आम्ही दोघं नवरा-बायको. पत्रिका कॉम्प्युटरवर हे लावायचे, गिऱ्हाइकाशी भांडायचं काम माझं. मग लकव्यानं ह्यांचा डावा हात गेला. कंट्रोलचं बटण दाबायला हातच न्हाई म्हटल्यावर कॉपी-पेस्ट कसं करणार? मी मदतीला बसले की चिडायचे. "हात गेलाय, अक्कल न्हाई गेली माझी!"

म्हणून मी नांदेडहून नवा माऊस मागवला. त्याला अंगठ्यापाशी दोन जादा बटणं होती. एकावर कॉपी लावलं, दुसऱ्यावर पेस्ट. पहिली पत्रिका ह्यांनी एकट्यानं लावली तेव्हा मी मागं जाऊन पोटभर रडून घेतलं.

पण ते मेलं बटण जिथं तिथं नाक खुपसायचं. डिझाइनच्या प्रोग्राममध्ये तेच बटण आधीपासून पान सरकवायला होतं. एकदा दाबलं की पानही सरकायचं अन् मजकूर भलतीकडंच चिकटायचा. एका पत्रिकेत नवरदेवाच्या जित्याजागत्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' छापून आलं! आमच्याकडं पत्रिकेत नाव खालीवर झालं तरी भावकी रुसते, इथं तर माणूसच मारला. आजोबा काठी टेकत स्वतः दुकानात आले. "पोरी, माझी तेरवी कधी ठेवली?" म्हणाले. सगळे हसले. हे हसले नाहीत.

मी माऊसच्या सात पिढ्या उद्धरल्या अन् कामाला लागले. डिझाइनच्या प्रोग्राममधून पान सरकवायचं काम त्या बटणावरून काढून टाकलं. तो प्रोग्राम समोर असेल तेव्हाच कॉपी-पेस्ट चालावं, बाकी प्रोग्रामांत बटण ज्याचं त्याला, असं लावलं. पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. कुठं म्हणून गडबड राहिली नव्हती, अन् माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पत्रिका लावायला घेतली. मी शेजारीच बसले होते. त्यांनी दाबलं तिथंच मजकूर चिकटत होता. पण नवरीच्या जागीही नवरदेवाचंच नाव आलं, आईबापासकट.

"वाचून बघा बरं एकदा," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून सगळं वाचलं. "बराबर हाय की."

लकवा नुसता हातावर थांबला नव्हता. इतके दिवस शिव्या घालायला माऊस तरी होता. तो कशाला दुरुस्त केला मी, असं झालं.

"काहून गप्प बसलीस? चुकलं का काही?"

"बटणच आजून गडबड करून राहिलंय," मी म्हणाले. "सेटिंग बघते."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग माऊस माझ्याकडं सरकवला.

"बटण चांगलं हाय गं," ते म्हणाले. "आता तूच लाव पत्रिका."