ओळख असल्याशिवाय आत नाही

आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर सांडेल. माझी ही फजिती ऐकताना आमच्या हिचा सांडला होता.

सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. कुणीही उठावं, केबल खुपसावी आणि आमच्या नेटवर्कमध्ये घुसावं, हे मला खपेना. म्हणून सगळ्या केबल जिथं येऊन मिळतात त्या डब्याच्या, म्हणजे स्विचच्या, पोर्टांवर मी पहारा बसवला. केबल जोडली की सर्व्हर त्या मशीनची ओळख तपासणार, पटली तरच पोर्ट उघडणार. ऐटीत जाहीर केलं, "आजपासून ओळख असल्याशिवाय कुणालाही आत घेणार नाही!"

आणि पहारा चालू केला. अख्खं ऑफिस बंद!

अकाउंटच्या सुमनताई तरातरा आल्या. "इतकी वर्षं इथं काढली, आणि आता माझी ओळख नाही?"

"तुमची नाही हो ताई, तुमच्या कॉम्प्युटरची."

"मग त्याची ओळख कुणाकडून आणू? नगरसेवकाकडून?"

बाहेर टॉवेल भरलेला ट्रक उभा. मालाचं ई-वे बिल इंटरनेटवरून निघाल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि आज हलला नाही तर ऑर्डर रद्द. मालक अण्णा म्हणाले, "ट्रक नाही गेला तर उद्या तुम्ही पण येऊ नका." शांतपणे म्हणाले हो, म्हणून जास्त भीती वाटली.

तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर सर्जेराव आत डोकावला. "ओळखीवाचून अडलंय व्हय? आवो मग आदी सांगायचं की. माजा मेव्हणा माळशिरसला वायरमन हाय. वायरीचाच घोळ हाय न्हवं? लावतो फोन."

"सर्जेराव, ही तसली ओळख नाही..."

"ओळख ती ओळखच की," म्हणत तो फोन लावत बाहेर गेला.

मी पळालो सर्व्हरच्या खोलीत. सर्व्हर ठणठणीत चालू, पण एकालाही ओळखेना. केबल चाचपत स्विचपर्यंत गेलो आणि कपाळावर हात मारला. पहारा मी सगळ्याच पोर्टांवर बसवला होता. सर्व्हरच्या पोर्टवरसुद्धा! आता सर्व्हरची ओळख कोण पटवणार? सर्व्हरच. आणि तो तर बाहेर! पहारेकऱ्याला गल्लीत ठेवून मी दाराला आतून कडी घातली होती.

गुपचूप तेवढ्या पोर्टवरचा पहारा काढला. सगळं चालू झालं, बिलही निघालं.

बाहेर येतो तर सर्जेराव फोन कानाला लावून हसतोय. "बगा, मेव्हणा बोलला आत्ता चालू व्हतंय, आन् झालं का न्हाय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच त्यांनी केलं?"

खरं सांगितलं तर नोकरी जाणार. मी सर्जेरावचा फोन घेतला आणि मेव्हण्याला म्हणालो, "लई उपकार झाले, साहेब."

ट्रक गेला, नोकरी राहिली. पण तेव्हापासून नेटवर्कमध्ये काहीही बदलायचं असलं, की अण्णांचा एकच हुकूम, आधी माळशिरसला विचारा. मग मी फोन लावतो, तो मेव्हणा विजेच्या खांबावरून ओरडतो, "करा चालू," आणि मी "हो साहेब" म्हणून करतो.