गार मशीन

आमच्या घराण्यात पहिला बी.एस्सी. मी, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे चुलते, आमचे तात्या, घोडेगावच्या आसपास लग्नाकार्यात स्पीकर लावायचे. अ‍ॅम्प्लिफायरला ते मशीन म्हणत. त्यांचं मशीन जडशीळ, आतला ट्रान्सफॉर्मरच विटेएवढा. निम्मी बॅटरी ते नुसतं तापण्यात घालवायचं. त्यामुळेच आदल्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वेशीपाशी बॅटरी बसली आणि विहारापुढची वंदना मागच्यांना ऐकूच गेली नाही. तात्यांना ते फार लागलं होतं.

त्या वर्षी मी स्विचिंगचं मशीन बांधलं. त्यातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे राहत नाहीत. एक तर पुरते चालू, नाहीतर पुरते बंद, तेही सेकंदाला हजारो वेळा. मग तापणार कशाला? कॉइलची तार मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणली, हातानं गुंडाळली.

तात्यांनी ते एका हातानं उचललं. "ह्ये मशीन हाय का जेवनाचा डबा? आन् आवाज तर माझ्याच मशीनचा गोड."

ते खरं होतं. माझ्या मशीनचा वरचा सूर जरा खरखरीत, आणि ते लावलं की शेजारच्या रेडिओत शिट्टी वाजायची. "पण तात्या, बॅटरी विहारापर्यंत पुरेल," मी म्हणालो.

मिरवणूक निघाली. मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तात्या त्याच्याजवळ. वेशीपाशी कॅसेट बदलताना गाणं थांबलं. मशीन चालू आहे का ते स्पीकरवाले त्याच्या पाठीला हात लावून बघतात. हाताला गरम लागलं की चालू. तात्यांनी हात लावला. गार. बंद पडलं असं समजून त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि तेवढ्यात कॅसेट सुरू झाली. कर्णे असे कडाडले की लेझीमच थांबली.

"आरं, आमी काय बहिरे हाय का?" एक म्हातारी ओरडली.

मी उडी मारून आवाज उतरवला. "तात्या, हे गार असतानाच चालू असतं."

"लई शिकलास," ते म्हणाले.

विहारापुढे वंदना शेवटच्या ओळीतल्या बायांपर्यंत गेली, शब्द न् शब्द. ती संपेपर्यंत तात्यांनी मशीनच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"लग्नाला माझं, मिरवणुकीला तुझं," वायरी गुंडाळताना ते म्हणाले. "आन् रेडिओतली ती शिट्टी तेवढी काढ."