आईने बंद केलेलं बटण

मंडळी, आज सकाळी मी आईवर ओरडलो. एका बटणावरून!

घरातले सगळे फोटो एका जागी राहावेत म्हणून मी छोटा सर्व्हर बनवतोय. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क, बस्स. फोटो कॉपी करायला लावले आणि माजिवड्याला केबल आणायला गेलेलो. परत आलो तर सगळं बंद.

"आई, हे कोणी बंद केलं?"

"मीच. भाजीला खाली चाललेले, म्हटलं उगाच लाल दिवा जळतोय."

बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची, हा आमच्या वर्तकनगरच्या घरात तिचा कायदाच आहे. मला माहीत होतं, तरी बटणावर साधी चिठ्ठी चिकटवली नव्हती. वर मीच ओरडलो, "कळत नाही तर हात कशाला लावतेस?"

ती भाजी निवडत बसली. मग हळूच म्हणाली, "त्यात ह्यांचे फोटो होते का रे?"

बाबांचे फोटो होते, आणि गेलं काहीच नव्हतं. मूळ फोटो जुन्या लॅपटॉपवर आहेतच. ओरडताना तेवढंही आठवलं नाही मला.

सॉरी म्हटलं. "असू दे रे," म्हणाली. मला वाटलं, मिटलं.

आत्ता पोस्ट लिहितोय तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "अरे, इथला पंखा बंद केला तर चालेल ना?"

स्वतःच्या घरात पंखा बंद करायला ती आजवर कोणाला विचारत नव्हती हो. काय उत्तर देऊ, सांगा.