गुरुजींची ओळ मी काढली

मित्रांनो, फावल्या वेळात मी ऑनलाइन ज्ञानकोशात संपादन करतो. आज सकाळी आमच्याकडच्या एका उमेदवाराच्या पानावरून ‘कार्यसम्राट’, ‘जनतेचा लाडका’ असले शब्द काढले. एक ओळही काढली, ‘वडिलांनी गावात पहिली शाळा सुरू केली.’ तिला संदर्भ नव्हता.

दुपारी उमेदवाराच्या आईचा फोन आला. “पोराचं काय काढायचं ते काढ. पण गुरुजींचं काहून पुसलं रे?”

“काकू, कुठंतरी छापून आलेलं लागतं.”

“अन् मारुतीच्या पारावर त्यांची शाळा भरायची, तवा पहिल्या रांगेत कोण बसत होतं?”

“मीच. पण माझं सांगणं तिथं चालत न्हाई.”

“लई मोठा झालास बाबा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नियम बराबर आहे. माझी आठवण चालली, तर उद्या प्रत्येकाची चालवावी लागेल. तरी संध्याकाळी देवापुढे हात जोडले आणि मान वर होईना. हेच हात धरून गुरुजींनी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती.

गुरुजींच्या शाळेबद्दल एखादं जुनं कात्रण कुणाच्या घरी आहे का? निवडणूक होऊन गेल्यावर दिलंत तरी चालेल. काकू आहेत तोवर ती ओळ परत लावायची आहे.