पडद्यावरची बहीण

माझ्या भावाचं लग्न झालं त्याच महिन्यात आमच्या लाडक्या पिक्चरच्या दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला, आणि दोन्ही गोष्टींनी माझ्या पोटात दुखायला लागलं. खरं ते सांगते. भावजय चांगली होती, शिकलेली होती, पोळ्यासुद्धा माझ्यापेक्षा पातळ करायची. तिच्यात नाव ठेवायला काही सापडत नव्हतं, त्याचाच मला जास्त राग यायचा.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. आयटीआय करायला गावाकडून आला तो बजाजनगरला आमच्याकडंच राहिला, चांगली पाच वर्षं. माझे मालक कंपनीत, आठवड्याला शिफ्ट बदलायची, सुट्टी मिळाली की झोपायचे. त्यामुळं पिक्चरला आम्ही दोघंच. मी घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. शुक्रवारी मशीनवर चादर टाकायची, भावाच्या गाडीवर मागं बसायचं आणि निघायचं. उडणाऱ्या, इमारती पाडणाऱ्या हिरोंचे पिक्चर आम्हाला लई आवडायचे. शेजारणी हसायच्या, एवढी मोठी बाई अन् लेकरांचे पिक्चर बघती. हसू दे म्हटलं, माझं काय जातंय.

त्यातला एक पिक्चर खास आमचा. त्यातला हिरो कारखान्यात वेल्डिंग करायचा, आणि त्यानं हात लावला की कसलंही वजन हलकं व्हायचं. ट्रक, बोट, अख्खा पूलसुद्धा. भाऊ तेव्हा वेल्डिंगच शिकत होता, म्हणून तो हिरो त्याला घरचाच वाटायचा. पण त्या दिवशी आमची चूक झाली. खिडकीवर घाईत तिकिटं घेतली, भाषा बघितलीच नाय. पिक्चर सुरू झाल्यावर कळलं की हा इंग्रजीचा खेळ आहे, हिंदीचा संध्याकाळी होता.

भाऊ म्हणाला, "ताई, चल, बदलून मागू."

मी म्हटलं, "बस खाली. मी सांगते ना तुला."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली. इंग्रजीचा पेपर गाईड पाठ करून काढला होता. पण भावाला वाटायचं ताईला सगळं येतं, आणि त्याला तसं वाटावं याची मला चटक लागली होती. त्याच्या कानाला लागून मी अख्खा पिक्चर सांगितला. कळलं ते सांगितलं, नाय कळलं ते जुळवून दिलं. त्यात एक पांढऱ्या कोटातली बाई होती. हिरोला मलमपट्टी करायची, रागवायची, त्याचं जेवण झाकून ठेवायची. भावानं विचारलं, "ही कोण?" मी विचार न करता म्हटलं, "मोठी बहीण. आईबाप गेल्यावर हिनंच वाढवलं त्याला." शेवटी ती बाई पडणाऱ्या पुलावर त्याच्यासाठी थांबते, तेव्हा भाऊ रडला. माझ्याही डोळ्याला पाणी आलं, माझीच थाप असून.

पुढं तोच पिक्चर टीव्हीवर हिंदीत लागला. मी आत भांडी घासत बसले, कान बाहेर लावून. थोड्या वेळानं भाऊ बाहेरून म्हणाला, "ताई, या हिंदीवाल्यांनी पार वाट लावलीय. बहिणीचं सगळंच काढून टाकलं." माझ्या शब्दावर त्याचा एवढा भरोसा. तेव्हाच खरं सांगून टाकायला पाहिजे होतं. नाय सांगितलं. त्याला सात वर्षं झाली.

आता ट्रेलर आला. एका रविवारी भाऊ-भावजय त्यांच्या नव्या घरून जेवायला आले होते. भावानं चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत, फोन माझ्यासमोर धरला. ट्रेलरमध्ये हिरोचं लग्न लागत होतं, त्याच पांढऱ्या कोटवालीशी.

"बघ ताई, बघ. बहिणीशी लग्न लावलं यांनी. आता कसला बघायचा दुसरा भाग? एवढी वर्षं वाट बघितली अन् यांनी मातीच केली."

तो खरंच कळवळला होता. त्याच्या आवडीची भरली वांगी केली होती, तर दोन घास खाऊन ताट सरकवलं. भावजय मात्र फोनकडं बघत होती. तिचं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. क्रांती चौकातल्या एका ऑफिसात बसते आणि फोनवर साहेबांशी फाडफाड इंग्रजी बोलते. ती म्हणाली, "अहो, पण ती तर..." आणि माझ्याकडं बघून थांबली.

मी लगेच म्हटलं, "दुसरी असंल ती. कोटामुळं तशी दिसती."

भावजय पाण्याचा तांब्या उचलून आत गेली. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला. घरी जाऊन ही त्याला सांगणार, की तुमच्या ताईला इंग्रजीतलं ओ का ठो कळत नाही, तुम्हाला खुळ्यात काढलं. मग भाऊ मला काय समजणार? माझ्याकडं दुसरं होतं तरी काय? त्याला पगार माझ्या मालकांपेक्षा जास्त, घर नवं, बायको शिकलेली. ताईला सगळं येतं, एवढंच माझं त्याच्याजवळ उरलं होतं.

पिक्चर लागायच्या आधी त्याचा फोन आला. "ताई, नाय नाय म्हणत शेवटी पहिल्या दिवसाची तिकिटं काढलीच. शुक्रवारी तुला काम असतं ना, म्हणून दोनच काढली."

शुक्रवारी मला काम असतं? एवढी वर्षं शुक्रवारी मशीनवर चादर कोणासाठी पडत होती? पण मी म्हटलं, "व्हय, लग्नसराई आहे, लई साड्या आल्यात."

शुक्रवारी सकाळी देवाला अगरबत्ती लावली आणि हात जोडून मागणं मागितलं की पिक्चर आपटू दे. त्या हिरोवर जीव टाकणारी बाई मी, आणि मीच त्याचं वाईट चिंतत होते. भावाच्या गाडीवर भावजय मागं बसली असेल, खांद्यावर हात ठेवला असेल. त्यांना पिक्चर आवडला असता तर मला सहन झालं नसतं. दुपारपासून फोनवर लोकांची मतं वाचत बसले. सगळे म्हणत होते, बेकार आहे, पहिल्याची सर नाही. वाचून बरं वाटलं. मग आमच्या वेल्डरला लोक शिव्या देतात म्हणून वाईटही वाटलं. त्या दिवशी एकही साडी झाली नाय.

शनिवारी भावजय एकटीच स्कूटीवर आली. दोन साड्या आणि गुलमंडीच्या बाजारातून आणलेले फॉल घेऊन. मी न राहवून विचारलं, "कसा होता मग?"

"काही दम नव्हता ताई. मारामारी तेवढी बरी होती." ती साडीची घडी उलगडत राहिली. मग म्हणाली, "इंटरवलला हे मला विचारत होते, पहिल्या भागात ती बहीणच होती ना म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, हो, बहीणच होती. या भागात यांनी बदललं." आणि मग हळूच, "मी तो पहिला भाग कॉलेजात असताना इंग्रजीतच बघितलाय ताई. दोनदा."

तिनं माझी अब्रू राखली होती. मी तिला जवळ घ्यायला पाहिजे होतं, निदान चहा तरी टाकायला पाहिजे होता. मी फॉल हातात घेतला, साडीला लावून बघितला. रंग अगदी बरोबर होता. मी म्हटलं, "हा जुळत नाय. बदलून आणावा लागंल."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. "आणते," म्हणाली आणि फॉल पिशवीत टाकून गेली.

ती गेल्यावर थोड्या वेळानं भावाचा फोन आला. आवाज एकदम मोकळा. "ताई, पिक्चर भंगार निघाला, पण माझ्या मनातली शंका गेली. ट्रेलर बघितल्यापासून मला वाटत होतं, तुझं सांगताना काही चुकलं असंल. पण हिला विचारलं, तर ही पण म्हणाली, बहीणच होती. मग खात्री पटली."

मी म्हटलं, "बरं झालं विचारलंस." सात वर्षं माझी थाप त्याला माझ्या एकटीच्या शब्दावर खरी वाटत होती. आता ती खरी ठरायला भावजयीची साक्ष लागली.